उजवीकडचं पाणी

गेल्या वर्षी मी धरणातून बाहेर आले आणि पळत सायकलीपाशी पोचले. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली अडकवत होते, तेवढ्यात गळ्यात शिट्टी घातलेला एक तरुण समोर आला.

"मॅडम, सॉरी. तास होऊन गेला," तो म्हणाला. "आता सायकल नाही नेता येणार."

इतक्या अदबीनं म्हणाला की भांडायलाही जागा राहिली नाही. मी हेल्मेट काढलं.

ट्रायथलॉनचा नियम साधा आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या लाल फुग्यांना वळसा घालत दीड किलोमीटर पोहायचं, लगेच चाळीस किलोमीटर सायकल, लगेच दहा किलोमीटर धावणं. पोहणं तासाभरात झालं नाही तर पुढच्या दोन्ही गोष्टी बंद. सायकल आणि धावणं यांची मला काळजी नव्हती. कोळशाचे ट्रक सुरू व्हायच्या आधी घराबाहेर पडून कायरच्या रस्त्यावर मी वर्षभर दोन्ही केलं होतं. आणि पोहायला तर मला लहानपणापासून येत होतं, म्हणून त्याचा सराव सगळ्यात कमी केला होता.

मी वणीच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. वय अठ्ठेचाळीस. चाळिशीनंतर रक्तातली साखर वाढायला लागली म्हणून चालायला लागले, चालण्याचा कंटाळा आला म्हणून धावायला. धावून गुडघा दुखला तेव्हा सायकल घेतली. आमच्याच कॉलनीत राहणारा अमर, बँकेत अधिकारी आहे, त्याच्यासोबत रविवारी लांब जायला लागले. त्यानंच एकदा विचारलं, "ताई, तुम्हाला पोहता येतं का?" मी हो म्हटलं. तिथून हे सगळं सुरू झालं.

त्या शर्यतीवरून परत येताना आम्ही कळंबला थांबलो. चिंतामणीचं दर्शन घेतलं आणि बाहेर चहा घ्यायला बसलो. इंद्रजित, माझे यजमान, तोवर गप्प होते. त्यांचं चंद्रपूर रोडवर ट्रकच्या टायरचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकांशी मोठ्यानं बोलायची सवय, त्यामुळे ते गप्प बसले की लगेच कळतं.

"मले एक सांग," ते म्हणाले. "तू कुठी चाल्ली होती?"

"कुठी म्हणजे?"

"सगळे त्या लाल फुग्याकडं चालले, अन् तू भलतीकडंच. तो नाववाला पोट्टा तुह्या मांगं दोनदा आला. मी म्हटलं, चालली बाई माहेरी."

"मी पण फुग्याकडेच जाऊन राह्यली होती."

"नाई. मी काठावरून पाहून राह्यलो होतो ना."

अमर समोर बसला होता. त्याची शर्यत पूर्ण झाली होती, पदक त्यानं माझ्यासमोर नको म्हणून खिशात ठेवलं होतं. त्याचं जुनं जीपीएसचं घड्याळ मी हातात घालून पोहले होते. ते त्यानं मोबाइलला जोडलं आणि पाण्यावर मी काढलेली रेघ पडद्यावर आली. आयोजकांनी आखलेला मार्ग सरळ कडांचा त्रिकोण होता. माझ्या रेघेत एकही कड सरळ नव्हती. दीड किलोमीटरच्या जागी मी दोनच्याही वर पोहले होते.

"हे काय व?" इंद्रजित म्हणाले. "जिलबी काढली का तू?"

अमरला हसू आलं. माझ्याकडे बघून त्यानं ते चहात बुडवलं.

मी मोबाइल हातात घेऊन ती रेघ बघत राहिले. नाववाल्यानं मला वळवलं होतं तिथं कोपरे पडले होते. पण दोन कोपऱ्यांच्या मधली प्रत्येक रेघ वाकलेली होती, आणि प्रत्येक वेळी उजवीकडेच. वारा असता तर कधी इकडे कधी तिकडे ढकललं गेलं असतं. वळायला बल लागतं, सरळ जायला काहीच लागत नाही, हे मी दरवर्षी अकरावीच्या मुलांना सांगते. म्हणजे ते बल मीच लावत होते, न चुकता, प्रत्येक हाताला.

घरी पोचेपर्यंत मला त्याचं कारण कळलं होतं.

मी पोहायला शिकले ती विहिरीत. केळापूरजवळ माझ्या वडिलांचं वावर आहे, त्यात दगडी बांधणीची रुंद विहीर आहे. मथुराआत्यानं, वडिलांच्या मोठ्या बहिणीनं, आम्हा सगळ्या भावंडांना आणि गल्लीतल्या निम्म्या पोरांना तिथं शिकवलं. ती वर काठावर दोर घेऊन उभी राहायची. तिचा नियम एकच होता. पायऱ्यांवरून उतरायचं, भिंत डाव्या हाताला ठेवायची आणि सगळ्यांनी एकाच दिशेनं गोल फिरायचं. मध्ये जायचं नाही. मध्ये आसरामाय राहते. पाण्याची देवी. तिला उजव्या हाताला ठेवून फिरायचं, देवळात फिरतो तसं.

यात शहाणपण होतं. सगळे एका दिशेनं फिरत असले की वरून उडी मारणारा कुणाच्या डोक्यावर पडत नाही. दमलं की डावा हात लांब केला, भिंत मिळते. देवी आणि शहाणपण या दोन गोष्टी वेगळ्या असतात असं तेव्हा मला वाटत नव्हतं.

मी श्वास डावीकडे घ्यायची, कारण भिंत तिकडे होती. भिंतीला धडकू नये म्हणून डावा हात जरा जास्त रेटायची, म्हणजे अंग उजवीकडे वळतं. उजवीकडे मधलं पाणी होतं. काळं, तळ न दिसणारं. तिकडे कुणी बघायचं नाही. सात-आठ वर्षं मी असं पोहले, मग लग्न झालं, मुलगी झाली, नोकरी लागली. पंचवीस वर्षांनी धरणात उतरले तेव्हा माझं शरीर नसलेल्या भिंतीला वळसा घालत होतं.

इंद्रजितना मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "हे पाह्य ममता. मले पोहता येत नाई. काठावर बसून माह्या जीवाचं काय होते ते तुले समजत नाई. त्या तासाभरात मी तुले कितीक वेळा मेलेली पाह्यलं. एक साल अजून कर. काय करायचं ते कर, मी येतो संगं. पण पुढच्या टाइमले बी तासाच्या आत बाहेर नाई आली, त धरणात उतरनं बंद. सायकल चालव, पळ, माह्यं काही म्हननं नाई. पाणी बंद."

मी हो म्हटलं. त्यात अन्याय काही नव्हता. फक्त हो म्हणताना कळलं की मला ते पाणी किती हवं होतं.

उन्हाळा गेला, जून-जुलै गेले. मारेगावच्या बाजूला एक लहान धरण आहे, तिथं आम्ही रविवारी जायला लागलो. इंद्रजित दुकानातून ट्रकची मोठी ट्यूब हवा भरून आणायचे आणि ती धरून काठावर गुडघाभर पाण्यात उभे राहायचे. "सरय!" ते ओरडायचे. "सरय जा व!" कान पाण्यात असल्यावर ओरडणं ऐकू येत नाही, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

उपाय वरवर सोपा होता. श्वास उजवीकडे घ्यायचा, म्हणजे हातांचा तोल आपोआप बदलतो. मी डोकं उजवीकडे वळवलं की तिकडे उघडं पाणी दिसायचं, दूरपर्यंत, हिरवट काळं, काहीही नसलेलं. दोन-तीन श्वास जमायचे. मग छाती आवळून यायची, नाकातोंडात पाणी जायचं आणि मी पुन्हा डावीकडे वळायची. दर आठवड्याला तेच. अमर म्हणाला, "ताई, थोड्या थोड्या वेळानं डोकं वर काढून समोर बघा." तेही केलं. डोकं वर काढलं की पाय खाली जातात, वेग जातो, आणि बघेपर्यंत मी वळलेली असायचीच. रेघ जरा सुधारली. वेळ नाही सुधारला.

सप्टेंबरच्या शेवटी मी ठरवलं की जिथं बिघडलं तिथंच जाऊन दुरुस्त करायचं. भिंतीच्या आधारानंच उजवीकडे श्वास घ्यायला शिकायचं. म्हणजे विहीर तीच, फेरे उलटे.

आम्ही पोचलो तेव्हा मथुराआत्या वावरातल्या निंबाखाली पहिल्या वेच्याच्या कापसातला पाला निवडत बसली होती. पंचाहत्तरी ओलांडलेली, पाठ ताठ. वडील गेल्यापासून वावर तीच बघते.

"काय व ममते, कॉलेज नाई आज?"

"रविवार आहे, आत्या. पोहायला आली."

"या वयात?"

"या वयातच."

"जवाई कुठी आहेत?"

"गाडी लावून येऊन राह्यले."

"त्याईले इहिरीजवय नको येऊ देऊ. मांगच्या टाइमले वाकून पाहू पाहू तोल गेलता त्याईचा."

मी तिच्याजवळ बसले. दोन बोंडांतला पाला काढला आणि सांगितलं, "आत्या, मला उलटं फिरायचं आहे. भिंत उजव्या हाताला ठेवून."

तिचा हात थांबला.

"अन् आसरामाय डाव्या हाताले?"

"हो."

"नाई."

मी तिला सगळं सांगितलं. धरण, फुगे, तास, ती वाकडी रेघ. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "तुले सरय जाताच येत नाई?"

"नाही."

"म्हनजे म्या शिकवलं ते चुकलं."

हे मला आधी सुचायला हवं होतं. तिच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी कुणीही कधी बुडालं नाही. गावात तिचं नाव त्यासाठी होतं.

"विहिरीसाठी बरोबर शिकवलं तू," मी म्हटलं. "धरण गोल नाही, आत्या."

"मंग जिथी गोल नाई तिथी कायले जातं?"

"जाते," मी म्हटलं.

"उलटं कोन फिरते, माहीत आहे ना तुले? मढ्याभोवती फिरते. शिकली-सवरली बाई तू, पोट्टे हाताखालून काढते, अन् तुले हे सांगा लागते?"

मी आसरामाय मानते की नाही, हा प्रश्न तिथं नव्हता. ती विहीर आत्याची होती. तिच्यामुळे मी पाण्यावर तरंगायला शिकले होते.

"तू नाही म्हटलं तर मी उतरणार नाही," मी म्हटलं. "गुपचूप येऊनही करणार नाही. पण मग माझं पोहणं या साली संपलं. मी त्यांना शब्द दिला आहे."

"दुसऱ्याच्या इहिरीत जाय."

"दुसऱ्याच्या विहिरीची मला भीती नाही वाटत. भीती या विहिरीतली आहे. मधल्या पाण्याची. तूच घातलेली."

ती रागावली असं मला वाटलं. मग तिनं मांडीवरचा कापूस बाजूला ठेवला, गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि झोपडीत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या खांद्यावर दोर होता आणि हातात झेंडूची दोन फुलं.

विहिरीवर तिनं आधी स्टार्टरची पेटी उघडायला लावली. लाइन आली की मोटार आपोआप सुरू होते, म्हणून मी फ्यूज काढून तिच्या हातात दिला. तो तिनं पदराला बांधला. मग काठावर उभं राहून फुलं मधोमध टाकली.

"आसरामाय," ती पाण्याला म्हणाली, "पोरगी शिकली, पण येडीच राह्यली. पाहून घेजो."

दोराचं एक टोक तिनं निंबाच्या बुंध्याला बांधलं, मधला भाग स्वतःच्या खांद्यावरून घेतला आणि दुसरं टोक विहिरीत सोडलं. आणि मग कठड्यावर बसली. विहिरीकडे पाठ करून.

"आत्या?"

"मी पाहत नाई. पाह्यलं नाई त माह्यावर येत नाई. बुडू लागशीन त दोर ओढ. मी हलन, पण मान वळवीन नाई."

इंद्रजित तेवढ्यात ट्यूब घेऊन आले. "आत्याबाई, पाठ करून काहून बसल्या?"

"तुमी बी तिकडं तोंड करा, जवाईबापू. बसा इथी."

मी पायऱ्या उतरताना वर पाहिलं तेव्हा दोघं शेजारी शेजारी तुरीच्या वावराकडे तोंड करून बसले होते, दोघांच्या मध्ये ट्यूब.

पाणी थंड होतं. मी भिंत उजव्या हाताला घेतली आणि निघाले. तिसऱ्या हातालाच माझी बोटं दगडावर आदळली. माझं अंग उजवीकडे वळत होतं आणि उजवीकडे आता भिंत होती. हात सावरला, पुन्हा निघाले, पुन्हा आदळले. एका फेऱ्यात कोपर, मनगट, बोटांची पेरं, सगळं दगडाला लागून आलं.

"काय फुटून राह्यलं?" वरून आत्याचा आवाज आला.

"हात."

"मंग?"

"काही नाही."

श्वास मात्र जमत होता. तोंड उजवीकडे वळवलं की शेवाळलेला दगड दिसायचा, फटीत उगवलेलं पिंपळाचं रोप दिसायचं, आणि छाती उघडी राहायची. भिंत कुठल्याही बाजूला चालते, एवढं त्या दिवशी कळलं. पेरं सोलून निघाली तेव्हा मी वर आले. आत्यानं माझा हात हातात घेऊन पाहिला, झोपडीतून हळद आणली आणि लावली.

दुसऱ्या दिवशी खडूनं फळ्यावर लिहिताना हात ठणकत होता. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पडल्या का?" मी म्हटलं, "नाही. वळत होते."

दर रविवारी आम्ही जायचो. भिंत मला शिकवत होती. चुकलं की लागायचं, त्याला दुसऱ्या कुणाच्या सांगण्याची गरज नव्हती. दिवाळीपर्यंत हात आपोआप बदलला. उजवा जास्त रेटायला लागला, आदळणं कमी झालं. आत्या प्रत्येक वेळी पाठ करून बसायची, पण आवाज ऐकत असायची. "आज कमी लागलं," ती तुरीच्या शेंगांना सांगितल्यासारखं म्हणायची. एकदा बराच वेळ काहीच आवाज आला नाही तेव्हा तिनं दोर हलवला. "आहे का व?"

"आहे."

"मंग ठीक."

डिसेंबरमध्ये मी विहिरीत मधोमध पोहून पाहिलं. एका काठापासून समोरच्या काठापर्यंत, फुलं टाकतात त्या जागेवरून. हे मी आत्याला सांगितलं नाही. ती पाठमोरी होती, आणि तिनं विचारलंही नाही.

मारेगावच्या धरणावर पुन्हा गेलो तेव्हा रेघ बरीच सुधारली होती. मी डावीकडे काही श्वास घ्यायची, मग उजवीकडे काही. उजवीकडचं उघडं पाणी तिथंच होतं. त्याची भीती गेली नव्हती. पण आता ती यायच्या आत मी पुढचा हात टाकलेला असायचा.

शर्यत जानेवारीच्या शेवटच्या रविवारी होती. तेच धरण, तेच लाल फुगे. पाण्यावरून वाफ निघत होती. इंद्रजितनी काठावर जागा धरली. ट्यूब आणायला आयोजकांनी मनाई केली होती, त्यामुळे हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं.

"जास्त विचार नको करू," ते म्हणाले.

"तुम्ही पण."

"मी त करनच."

शिट्टी झाली आणि आम्ही सगळे एकदम पाण्यात शिरलो. पहिल्याच मिनिटाला कुणाची तरी टाच माझ्या चष्म्यावर बसली. चष्मा सरकला, डोळ्यात पाणी गेलं. मी तो बसवला आणि सुटले. आजूबाजूला हात, पाय, फेस. मी काय करते आहे याकडे लक्षच राहिलं नाही. भान आलं ते "मॅडम! डावीकडे! मॅडम!" या आवाजानं. नावेतला मुलगा वल्हं उभं करून खुणावत होता. पहिला लाल फुगा माझ्या डाव्या हाताला लांब राहिला होता. बाकीचे सगळे त्याच्याभोवती वळत होते.

मी थांबले. जागच्या जागी पाय मारत उभी राहिले. चार महिन्यांचं शिक्षण एका लाथेनं पुसलं गेलं होतं. मी पुन्हा जुन्या विहिरीत फिरत होते. नावेला हात लावून थोडा दम घेता येतो, त्याला मनाई नाही. मी हात लावला नाही. हात लावला असता तर काठावर एक माणूस मला पुन्हा मेलेली बघणार होता, आणि मलाही कदाचित नावेत बसून घ्यावंसं वाटलं असतं.

मी फुग्याकडे तोंड केलं आणि ठरवलं, आता डावीकडे एकही श्वास घ्यायचा नाही.

पहिला श्वास उजवीकडे. उघडं पाणी. दुसरा. उघडं पाणी, वर वाफ. मी तिथं भिंत आहे असं समजायचा प्रयत्न केला नाही. तिथं भिंत नव्हती. तिथं काहीच नव्हतं, आणि प्रत्येक श्वासाला मी ते बघत होते. छाती एकदा आवळून आली. मी हात थांबवला नाही, आणि ती सुटली. फुगा आला तेव्हा तो बरोबर माझ्या खांद्याला घासून गेला.

दुसऱ्या कडेला मी माणसांमध्ये आले. शेवटच्या काही जणांमध्ये, पण माणसांमध्ये. तिसरी कड काठाकडे येणारी होती. वळले आणि उजवीकडे तोंड केलं तर डोळ्यांवर ऊन आलं. सूर्य टेकडीवरून नुकताच वर आला होता आणि थेट माझ्या उजव्या खांद्यावर होता. डावीकडे श्वास घेणाऱ्या बाईला तो दिसलाच नसता. मला दर श्वासाला दिसत होता. तो खांद्यावर राहिला तर मी सरळ. पुढे सरकला तर मी उजवीकडे वळते आहे. मागे गेला तर डावीकडे. मला डोकं वर काढायची गरज उरली नाही. पाय वर राहिले, आणि पहिल्यांदाच मला पाण्यात वेग म्हणजे काय ते जाणवलं.

हात चिखलाला लागला तेव्हा मी उभी राहिले. घड्याळाकडे बघितलं नाही. पळत सायकलींपाशी गेले. तिथं एक मुलगी शिट्टी घेऊन उभी होती. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, ती काय म्हणते याची वाट बघत.

"चला चला मॅडम!" ती ओरडली. "पाच मिनिटं आहेत अजून! उचला!"

दोरीच्या पलीकडून इंद्रजित माझ्या बरोबरीनं पळत होते. त्यांचा आवाज बसला होता. "पाय पूस!" ते ओरडत होते. "ममता, पाय पूस आधी! चिखल आहे!"

मी पाय पुसले नाहीत. ओल्या, चिखलाच्या पायांतच बूट घातले. या वेळी हेल्मेटचा पट्टा अडकला. सायकल ढकलत रेषेपर्यंत नेली आणि बसले.

"ममता!" ते अजून मागून ओरडत होते. "ममता, पाण्याची बाटली!"

बाटली सायकलला लावलेली होती. मी मागे न बघता हात वर केला. धरणाच्या भिंतीवरून रस्ता खाली उतरत होता आणि मग कापसाच्या वावरांमधून वर चढत होता. वारा समोरून होता. चढाच्या मध्यावर पिवळ्या बनियनमधला एक माणूस दिसत होता, पाण्यातून माझ्या आधी निघालेला. मी गिअर उतरवला, मान खाली घातली आणि त्याच्या पाठीकडे निघाले.